कट्यारीच्या पात्यावरचा लांडगा

दोस्तांनो, कर्जत-खालापूरकडच्या तुमच्यापैकी किती जण उंबरखिंडीत जाऊन आलात? २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला तिथं कोंडलं, हे तुम्हांला पाठच असेल. पण त्या काळच्या सरदाराच्या कमरेची कट्यार कुठल्या भट्टीतली असेल?

दरवेळी आपल्याच लोहाराची नाही हं! १६व्या-१७व्या शतकांत युरोपातली पाती जहाजांनी आपल्या बंदरांत उतरत. अशा पात्याच्या तलवारीला नावच पडलं ‘फिरंग’. आणि फिरंग मोडली तर? टाकून थोडीच देणार! तिचा तुकडा मुठीच्या पट्ट्यांत रिबिटांनी ठोकून कट्यार करत. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातल्या कट्यारी चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत. त्यांतल्या काहींची पाती अशीच परदेशी.

आता खरी गंमत. मुठीजवळ, पात्याच्या पन्हळीत भिंग धरायचं. छिन्नीच्या चार-सहा रेघांचं जनावर दिसलं, तर तो ‘धावता लांडगा’. मूळचा जर्मनीतल्या पासाऊ गावच्या कारागिरांचा, मग झोलिंगेनवाल्यांनीही उचललेला. दातेरी चंद्रकोरींची जोडी मात्र मूळची इटलीकडची.

पण थांबा! नावाजलेल्या खुणांची नक्कल युरोपातही झाली आणि आपल्याकडेही. म्हणून खूण एकटी बघायची नाही, पोलादही बघायचं. देशी जौहरदार पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते. तशा पात्यावर लांडगा धावत असेल, तर पाणी कुठंतरी मुरतंय! रोमन अक्षरं उलटीसुलटी असतील तरीही तसंच.

मालकाचं नाव ही आणखी वेगळी गोष्ट. २०२५ साली महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार मिळवली. पातं युरोपी, पण त्यावर सोन्यानं देवनागरीत नाव रघूजींचं!

दसरा आला की काही घरांत जुनी शस्त्रं चिंच, विटेची पूड, नाहीतर चक्क पॉलिश पेपर लावून लख्ख करतात. खूण असते जेमतेम केसभर खोल. घासली की गेली, पुन्हा कुणालाही वाचता यायची नाही. आई-बाबांना सांगा, मऊ फडकं आणि तेलाचा थेंब पुरे. धार असते, म्हणून हे काम मोठ्यांनीच करायचं.

आणि ट्रेकला गेल्यावर मातीत असं काही दिसलं, तर उपसू नका. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असं १८७८ चा कायदा सांगतो. रायगडवाल्यांनो, ती कचेरी अलिबागला आहे.