दुर्मीळ योगांचा धंदा

19 ऑगस्ट 2024 ला सोमवार होता आणि नारळी पौर्णिमाही. त्याआधीचा आठवडाभर सोलापुरात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एकच मजकूर फिरत होता: श्रावणी सोमवारी पौर्णिमा, असा योग कित्येक दशकांनी आला आहे, संधी दवडू नका. आमच्या पूर्व भागात एका बिडी वळणाऱ्या बाईंनी या योगासाठी सांगितलेल्या खास अभिषेकाकरता उसने पैसे काढले. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. कारण 3 ऑगस्ट 2020 ची नारळी पौर्णिमा सोमवारीच होती. 7 ऑगस्ट 2017 ची सुद्धा सोमवारीच, आणि त्या रात्री तर खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. सात वर्षांत तीनदा आलेल्या गोष्टीला दुर्मीळ म्हणणाऱ्याला गणित येत नसेल तर त्याने ज्योतिष सांगू नये, आणि येत असेल तर तो सरळसरळ फसवतो आहे.

हिशेब शाळकरी आहे. वार सात. कुठलीही एक पौर्णिमा घ्या, ती सोमवारी येण्याची सरासरी सात वर्षांतून एकदा. त्याच 2024 मध्ये 'श्रावणात पाच सोमवार, सत्तरेक वर्षांनी' अशीही आवई उठली होती. चांद्रमास 29 किंवा 30 दिवसांचा असतो. तो सोमवारी सुरू झाला की पाच सोमवार आलेच. 2017 चा श्रावण 24 जुलैला, सोमवारी सुरू झाला आणि 21 ऑगस्टला, सोमवारी संपला. सत्तर वर्षं कुठून आणली? कुणी विचारलं नाही, म्हणून खपली.

हे सोलापुरात खपावं याचा मला जास्त राग येतो. नानाशास्त्री दात्यांनी सुरू केलेलं दाते पंचांग याच शहरातून शंभराहून अधिक वर्षं निघतं आहे आणि महाराष्ट्रभरच्या घरांत खुंटीला लटकतं आहे. त्याचं पान उघडून बघा. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण असे रकाने, आणि तिथीपुढे ती किती वाजता संपते याचे तास-मिनिटं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी. असे पंधरा टप्पे, म्हणजे एकशे ऐंशी अंश झाले की पौर्णिमा पूर्ण. चंद्राचा वेग सारखा नसल्याने एखादी तिथी विसेक तासांत आटोपते, एखादी सव्वीस-सत्तावीस तास रेंगाळते. हे सगळं आधीच मांडून, तपासून, छापून आपल्या हातात दिलेलं असतं. ज्या शहराने अख्ख्या राज्याला तिथी पुरवल्या त्या शहरातली माणसं अनोळखी नंबरवरून आलेल्या मजकुरावर विसंबून पैसे मोजतात, ही मला शरमेची गोष्ट वाटते.

आमचा गड्डा घ्या. सिद्धेश्वरांची ही यात्रा संक्रांतीला बांधलेली आहे, आणि संक्रांत सूर्याची. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम. सात नंदीध्वज निघतात तेव्हा वर चंद्र असेल, नसेल, कोरभर असेल, त्याचा यात्रेशी संबंध नाही. संक्रांतीला पौर्णिमा गाठायची तर 19 वर्षांचं चक्र आहे. 235 चांद्रमास आणि 19 सौरवर्षं यांत जेमतेम दोन तासांचा फरक पडतो. अथेन्सच्या मेटनने हे चक्र इसवी सनापूर्वी 432 मध्ये मांडलं. म्हणून 14 जानेवारी 2006 ला पौर्णिमा होती आणि 2025 मध्ये ती 13 जानेवारीच्या रात्री, संक्रांतीच्या पहाटेपर्यंत होती. 2044 च्या जानेवारीत पुन्हा संक्रांतीच्या आसपास येईल. मधल्या काळातही चंद्र फार लांब गेला नव्हता: 2014 ची पौर्णिमा 16 जानेवारीला, 2017 ची 12 ला. त्याच 2025 च्या पौष पौर्णिमेपासून प्रयागचा कुंभ '144 वर्षांनी' म्हणून गाजवला गेला. हाच आकडा 2013 च्या कुंभालाही लावला होता. मग मौनी अमावास्येला चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार 30 माणसं गेली. गर्दीची कारणं अनेक असतात. पण 'पुन्हा तुमच्या जन्मात नाही' अशी हाक कोट्यवधी लोकांना देणाऱ्यांनी आपले हात झटकू नयेत.

पाश्चात्त्य लोक यात मागे आहेत असं नाही. 25 डिसेंबर 2015 ला नाताळची पौर्णिमा 1977 नंतर प्रथमच आल्याचं जगभर छापलं गेलं. 1996 ची पौर्णिमा लंडनच्या घड्याळाने 24 डिसेंबरच्या रात्री होती, म्हणून ती मोजली नाही. आपल्या घड्याळाने तेव्हा 25 तारखेचे पहाटेचे दोन वाजून गेले होते. म्हणजे सोलापुरात बसलेल्या माणसासाठी 38 वर्षांचा दुष्काळ नव्हताच. तरी आपल्याकडे 38 चा आकडा जसाच्या तसा उतरवला गेला.

आणि जे खरोखर समजून घेण्यासारखं आहे तिकडे कुणाचं लक्ष नाही. 2021, 2022, 2023 अशी सलग तीन वर्षं होळी आणि शब-ए-बारात एकाच दिवशी किंवा लागून आल्या. होळी फाल्गुनी पौर्णिमेची, शब-ए-बारात शाबान महिन्यातली पंधरावी रात्र, म्हणजे तीही पौर्णिमेचीच. हिजरी वर्ष दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतं. आपलंही सरकतं, फक्त अधिक महिना आला की आपण ते पुढे ओढून घेतो. 2020 चा अधिक आश्विन आणि 2023 चा अधिक श्रावण यांच्यामध्ये तीन होळ्या आल्या, त्या तिन्हींना दोन्ही कालगणना हातात हात घालून चालल्या. याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात 2022 आणि 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. अधिक श्रावणाने महिना सरकवला आणि 2024 व 2025 ला आषाढीच्या दिवशी मोहरमची दहावी तारीख आली. 2026 च्या अधिक ज्येष्ठानंतर ही जोडीही सुटते. हे पाच-दहा वर्षं आधी कागदावर मांडता येतं. तरी दर वर्षी 'यंदा योगायोगाने' अशीच बातमी येते आणि तणावाच्या वावड्या उठवणाऱ्यांचं फावतं. 2023 ला राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम समाजाने एकादशीच्या दिवशी कुर्बानी न देण्याचं स्वतःहून ठरवलं. शहाणपण तिथे होतं.

पौर्णिमेला सण का, हे तर उघड आहे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारे लाखो लोक बघा. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, वाहनं बंद, अनवाणी बाया, खांद्यावर पोरं, कडेला चहा-केळी वाटणारे मांडव. पाऊस सरलेला, आभाळ मोकळं, आणि रात्रभर पायाखालचा रस्ता दाखवणारा चंद्र. दिवे नव्हते तेव्हा रात्री चालायला दुसरी कुठली तिथी निवडणार होते? नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाज मार्कंडेय महामुनींचा रथ काढतो, तोही वर्षानुवर्षं त्याच तिथीला. बुद्ध पौर्णिमा, गुरुपौर्णिमा, त्रिपुरी, दत्तजयंती, सगळ्या ठरवून पौर्णिमेच्या. तिथे पौर्णिमा दर वर्षी येतेच, शंभरात शंभर वेळा. गुड फ्रायडेसुद्धा वसंतातल्या पौर्णिमेला बांधलेला असल्याने 2023 ला हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आला आणि 2024 ला होळीच्या आठवड्यात. यात चमत्कार शोधणाऱ्याला ही कालगणना उभी करणाऱ्यांची मेहनत दिसतच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जे वृत्तपत्र, जी वाहिनी, जो गुरुजी 'दुर्मीळ योग' म्हणेल त्याने त्याच ओळीत मागची तारीख आणि पुढची तारीख द्यावी. मागची तारीख पंचांगाच्या जुन्या अंकात आहे, पुढची कुठलाही पंचांगकर्ता काढून देईल. देता येत नसेल तर बातमी छापू नये आणि दक्षिणा घेतली असेल तर परत करावी.