भाचीचा लॅपटॉप

यंदा, २०२५ साली, भाची मेडिकलला लागली आणि बदलापूर गावातल्या आमच्या घरी लॅपटॉपची खलबते सुरू झाली. मेहुण्यांना एक जुना स्वस्तात मिळत होता. पण त्यात विंडोज १०! १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने तिची नित्याची डागडुजी थांबवली. अभ्यासक्रम मात्र साडेचार वर्षांचा, वर इंटर्नशिपचे एक. लिनक्स फुकट खरे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री अडले, तर विचारायचे कोणाला? मॅकबुकचा आकडा ऐकून मेहुण्यांनी सुपारी कातरायला घेतली. मी म्हटले, विंडोज ११चा, सव्वा किलोचा, दिवसभर बॅटरी पुरणारा घ्या. रोज लोकलमध्ये उभ्याने न्यायचा आहे. उरल्या पैशांत सीनियरकडून हाडांचा संच आणा.

"मामा, हाडे लोकलमधून कशी आणायची?"