साडेचार तास आणि बांबोळीची वाट

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली, की ‘अंगावरून वारे गेले’ म्हणून दैवाला बोल लावण्याचे दिवस कधीच सरले. मेंदूतील गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा गुण 1995 साली सिद्ध झाला. 2008 साली त्याची मुदत साडेचार तासांवर गेली. मात्र आधी सीटी स्कॅन हवा, कारण रक्तस्राव असल्यास तेच औषध घातक. आणि सावंतवाडीचा रुग्ण? तो गोव्यातील बांबोळीच्या वाटेवर! 2018 साली गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा इकडे संताप उसळला. पण शेजाऱ्याच्या दारी आपली माणसे उभी करणारे शासन मुंबईत बसते. ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झाले, ठीकच. रात्री दोन वाजता सावंतवाडीत स्कॅन कोण पाहणार आणि सुई कोण टोचणार, याचे उत्तर शासनाने रुग्णालयाच्या दारावर लिहून लावावे.