समुद्राकडे पाठ

हल्ली कुणाही नातेवाइकाचा फोन आला की "तब्येत कशी?", "थंडी आहे का?" झालं, की तिसरा प्रश्न ठरलेला. "मग काय, फ्लोरिडात समुद्रावर घर घेतलंस की नाही?" मी नाही म्हणतो. "मग राहता कुठे?" "भाड्याने." यावर पलीकडून जे "अच्छा..." येतं ना, त्यात सगळं येतं. सत्तावीस वर्षं अमेरिकेत काढून, न्यू जर्सीचं घर विकून, साठी उलटल्यावर हा माणूस भाड्याने राहतो म्हणजे नक्की कुठेतरी बुडाला असणार!

बुडालो नाही, मंडळी. थोडक्यात वाचलो. दर फोनवर तीच गोष्ट सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी थोडं मागचं. मी मूळचा श्रीवर्धनचा. वडिलांची नारळ-सुपारीची वाडी, दादा आणि मी असे दोघे भाऊ. मी मुंबईला शिकायला गेलो तो 1996 साली एडिसनला येऊन थांबलो. 2008 मध्ये दादाच्या नावाने हक्कसोडपत्र करून दिलं. तेव्हा स्वतःच्या मोठेपणाचं मला फार कौतुक वाटलं होतं. खरं सांगायचं तर वाडीची कटकट नको होती.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. फोन बंद, वीज नाही. काही दिवसांनी दादाचा आवाज ऐकू आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सुपारी झोपली रे सगळी." विमानं बंद होती, जाताही येईना. पैसे पाठवले. पण सुपारीचं रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तिथे डॉलर काय करणार? साठी ओलांडलेला दादा पुन्हा रोपं लावायला वाकला आणि मी एडिसनच्या तळघरात बसून झूमवर मीटिंगा करत राहिलो.

त्या पावसाळ्यापासून माझ्या डोक्यात समुद्र बसला. रिटायर झालो की समुद्राकाठीच राहायचं. श्रीवर्धनला का नाही? मुलगा बॉस्टनला, मुलगी सिॲटलला, दोघांची औषधपाण्याची व्यवस्था इथली. मग उरलं फ्लोरिडा. थंडी नाही, राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आणि न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स भरलेल्या माणसाला तर कुठलंही राज्य स्वस्त वाटतं :)

डिसेंबर 2023 मध्ये नोकरी संपली. फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही दोघं आखाताच्या बाजूला व्हेनिस, एंगलवूड असं हिंडत होतो, तेव्हा मॅनासोटा की नावाच्या बेटावर ते घर दिसलं. ही 'की' म्हणजे किनाऱ्याला समांतर वाळूची एक लांबलचक पट्टी. एका अंगाला आखात, दुसऱ्या अंगाला खाडी. जुनं, बुटकं, एकमजली घर. पुढची सगळी भिंत काचेची आणि काचेपलीकडे पाणी. मी सोफ्यावर बसलो आणि तिथल्या तिथे घर घेऊन टाकलं. मनातल्या मनात.

पुण्याहून मेहुणाही उत्साहात. "भावजी, निम्मे मी घालतो. आरबीआय माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवू देते. फेमात बसतं." मी म्हटलं, तुझा फेमा परकीय चलनाचा कायदा, इथला फेमा म्हणजे पुराचे नकाशे काढणारं सरकारी खातं. दोन्ही फेमांत बसलं पाहिजे!

ही मात्र गप्प होती. रात्री मोटेलवर म्हणाली, "घर बघितलंस कधी? फेब्रुवारीत. श्रीवर्धनला जावई करून द्यायचा झाला तर आषाढात नेऊन दाखवतात का?" मग अट घातली. एक वर्ष भाड्याने राहायचं, त्यात इथला पावसाळा आला पाहिजे, मगच सही. मी चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी मनापासून घ्यावंसं वाटलंय, आणि हिला आषाढ सुचतोय. दोन दिवस आम्ही फक्त गाडीच्या रस्त्यापुरतं बोलत होतो. शेवटी मी मान्य केलं, पटलं म्हणून नव्हे, भांडून थकलो म्हणून. मे महिन्यात आम्ही व्हेनिसला, समुद्रापासून सहा मैल आत भाड्याचं घर घेतलं. दरम्यान ते काचेचं घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मी आठवडाभर हिच्याशी नीट बोललो नाही.

इथला वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. ऑगस्टच्या सुरुवातीला 'डेबी' वरच्या किनाऱ्याकडे निघून गेलं, पण जाताना आमच्या सॅरासोटा काउंटीत इतका पाऊस ओतून गेलं की समुद्रापासून दूरच्या वसाहतींतही पाणी शिरलं. आत राहिलं की सुटलो, हा माझा समज तिथेच गेला. 26 सप्टेंबरला 'हेलीन' आलं. तेही दूरून गेलं, जमिनीवर आलं ते कितीतरी उत्तरेला, पण त्याने ढकललेला समुद्र आमच्या बाजूच्या सगळ्या बेटांवर चढला. लोकांनी भिजलेल्या गाद्या, सोफे, फ्रीज रस्त्याच्या कडेला आणून टाकले. ते उचलून व्हायच्या आत, तेराव्या दिवशी, 9 ऑक्टोबरच्या रात्री 'मिल्टन' थेट सिएस्टा कीजवळ धडकलं. म्हणजे आमच्या अंगणातच.

आम्ही दोन दिवस आधी अटलांटाला भाचीकडे निघालो. हायवेवर गाड्यांची रांग, पेट्रोल पंपांवर 'संपले'च्या पाट्या. मागच्या सीटवर कागदपत्रांची पेटी, औषधं, देव आणि हिने ऐनवेळी उचललेला कुकर. पूर्ण वाटेत ही एकदाही "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली नाही. त्याबद्दल तिला काय द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

परतलो तेव्हा आमच्या भाड्याच्या घराचं कुंपण आडवं, अंगणातलं झाड पडलेलं, फ्रीजमधलं सगळं कुजलेलं. बस्स. मालकाला फोन केला, त्याने माणूस पाठवला. नोव्हेंबरात बेटावर जाता आलं, तसा मी ते घर बघायला गेलो. काचेची भिंत नव्हती. आत गुडघाभर वाळू. माझ्याच वयाचा एक गृहस्थ फावड्याने ती बाहेर काढत होता. मी हात हलवला, त्याने हलवला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. ते फावडं माझ्या हातात असायचं होतं.

तर आता माझं मत, ज्यासाठी एवढं पुराण लावलं. परक्या देशात समुद्राकाठी राहायला जाणं आणि तिथे घर विकत घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. आपण मराठी माणसं ते एकच धरतो. 'स्वतःचं घर' नसेल तर आपल्याला बिऱ्हाडकरू झाल्यासारखं वाटतं, म्हणून आपण आधी सही करतो आणि मग राहून बघतो. हे उलटं आहे. आधी राहा. आणि सुट्टीत नव्हे, तिथल्या वाईट महिन्यांत राहा.

कारण घराची किंमत जाहिरातीत असते, पण राहण्याची किंमत गावात वर्ष काढल्याशिवाय कळत नाही. मला भाड्याने राहून काय काय कळलं बघा. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरलेलंच नसतं, त्याचा विमा वेगळा. सरकारी पूरविमा घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर देतो, आणि सहसा घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ दिसल्यावर धावून उपयोग नाही. हरिकेनच्या नुकसानीत आधी आपल्या खिशातून घालायची रक्कम बहुधा टक्क्यांत असते. चार लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हटले तरी पहिले आठ हजार आपले. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर नुसती डागडुजी चालत नाही. सगळं घर आजच्या नियमात बसवावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा खांबांवर उचलायचं किंवा पाडायचं. वाळू उपसणाऱ्या त्या गृहस्थापुढे हाच हिशेब असणार.

टॅक्सचंही तसंच. विकणाऱ्याचं बिल बघून मी खूश झालो होतो. पण इथे स्वतः राहत्या घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला 3 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि घर विकलं की ती सवलत पुसली जाऊन नव्या मालकाला पुढच्या वर्षापासून बाजारभावाने मोजतात. वीस वर्षं राहिलेल्या म्हातारीचं बिल म्हणजे माझं बिल नव्हे. आणि त्या घरात पूर्वी पाणी आलं होतं का? फ्लोरिडात विकणाऱ्याने पूरविम्याचे जुने दावे लेखी सांगितलेच पाहिजेत हा कायदा लागू झाला 1 ऑक्टोबर 2024 ला. मी घर बघितलं फेब्रुवारीत.

"मग फ्लॅट घ्या, उंचावर," असं एका चुलतभावाचं म्हणणं. 24 जून 2021 ला मायामीजवळ सर्फसाइडची समुद्रकाठची इमारत मध्यरात्री कोसळून 98 माणसं गेली. त्यानंतर राज्याने जुन्या, तीन मजली आणि त्याहून उंच इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा केला. योग्यच केलं. पण वर्षानुवर्षं न साठवलेला निधी आता फ्लॅटवाल्यांना एकदम भरावा लागतो. 'स्वस्तात समुद्रदर्शन' दिसलं की सोसायटीचे हिशेब आधी मागा.

आणि मेहुण्यासारख्या भारतातून घेणाऱ्यांना: घर घेतल्याने इथला व्हिसा मिळत नाही. विकताना परदेशी मालक म्हणून विक्रीच्या किमतीचे, नफ्याचे नव्हे, साधारण 15 टक्के आधी कापून ठेवतात. इथे न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या पश्चात वारसाकराची सूट फक्त 60 हजार डॉलरपर्यंत. हे तीन मुद्दे सांगितल्यावर मेहुण्याने विषय बदलून अलिबागवर नेला.

दुसरी बाजूही आहे, नाही असं नाही. भाडं वाढतं. करार संपला की मालक घर रिकामं करायला सांगू शकतो. भिंतीला खिळा मारायचा तर विचारावं लागतं. आणि आमच्या ओळखीची एक अमेरिकन बाई आहे, त्याच बेटावर चाळीस वर्षं राहिलेली. दोन्ही वादळांनंतर ती पुन्हा घर उभं करतेय. तिला वेडी म्हणण्याची माझी हिंमत नाही. तिचा नवरा तिथे गेला, मुलं तिथे वाढली. तिच्यासाठी ते तिचं गाव आहे, जशी दादासाठी वाडी. मी काचेतून दिसणारं पाणी विकत घ्यायला निघालो होतो. 2008 मध्ये ज्याच्यावरचा हक्क सोडला ते इथे पैसे मोजून परत मिळेल, असं मला वाटत होतं. हे मला त्या गृहस्थाचं फावडं बघताना कळलं.

एक गोष्ट मात्र मला आधीच माहीत असायला हवी होती. आमच्या श्रीवर्धनच्या घराचं तोंड रस्त्याकडे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार, मग विहीर, मग अख्खी वाडी, तिच्यापलीकडे केवडा आणि सुरू, आणि मग कुठे वाळू. समुद्राकडे घराची पाठ. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, आपल्या खिडकीतून समुद्र का दिसत नाही? ती म्हणाली, "ऐकू येतो ना? पुष्कळ झालं."

आमच्या आताच्या घरातून तो ऐकूही येत नाही. संध्याकाळी गाडी काढून जातो, अंधार पडेपर्यंत बसतो, वाळू झटकून घरी येतो. 2025 मध्ये करार पुन्हा केला. पुढे कधी घर घेतलंच तर जमिनीची उंची आधी बघू, खिडकी नंतर. दादाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "बरं केलंस. मागच्या अंगाला चार झाडं लाव."

मालकाला विचारलंय. हो म्हणालाय.

तेव्हा मंडळी, पुढच्या फोनला तिसरा प्रश्न बदला. झाडं जगली का, असं विचारा.