पाथ पाठ करणाऱ्यांना

ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल आलं की जर्नलात एक ओळ ठरलेली असे: इनिटग्राफ या फंक्शनला दिलेला सी ड्राइव्हवरच्या टीसी फोल्डरातल्या बीजीआयचा पाथ. रत्नागिरी असो वा नागपूर, टर्बो सी शिकलेल्या पिढ्यांना ही ओळ तोंडपाठ. १९८७ साली आलेला हा बोरलँडचा कंपायलर आपल्याकडच्या लॅबमधून लवकर हललाच नाही. आणि ओळीचा अर्थ? तो एक्स्टर्नलही क्वचितच विचारत.

ती ओळ कुणी लहान लिपीत आणि एकेरी बॅकस्लॅश देऊन उतरवली की गंमत होई. सीमध्ये बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब, बॅकस्लॅश-बी म्हणजे बॅकस्पेस. कंपायलर चकार शब्द काढत नाही. प्रोग्रॅम मात्र पोटात टॅब आणि बॅकस्पेस असलेल्या फोल्डरच्या शोधात निघतो.

‘दुहेरी बॅकस्लॅश दिला की मिटलं,’ हा त्यावरचा नेहमीचा बचाव. मिटत नाही. फोल्डर डी ड्राइव्हवर गेला की प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करणं आलंच. मुळात तो पाथ प्रोग्रॅमचा नव्हेच, लॅबमधल्या एका मशीनचा पत्ता आहे.

जाणते म्हणतात, सगळे पाथ वर हॅश-डिफाइन करून ठेवा. यात तथ्य आहे. अवतरणांतल्या दोन स्ट्रिंग शेजारी-शेजारी लिहिल्या तर कंपायलर त्या स्वतः जोडतो; १९८९ च्या प्रमाण सीपासून ही सोय आहे. फोल्डरचा मॅक्रो, त्यापुढे फाइलचं नाव, की पाथ तयार. पॉइंटरला हे साधत नाही. पण मॅक्रोने पत्ता एका जागी आणला, एवढंच. तो अजून प्रोग्रॅमातच गाडलेला आहे. न बदलणारं फाइलचं नाव खुशाल मॅक्रोत ठेवावं. फोल्डर मात्र कमांड लाइनवरून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून यावा.

जे खरोखर स्थिर आहे, त्याच्याशी मात्र आपली वागणूक सैल. साध्या कॅर पॉइंटरला स्ट्रिंग चिकटवायची आणि मग तिचंच पहिलं अक्षर बदलायचं, हे डॉसवर खपून जाई, कारण तिथे मेमरीवर पहारा नव्हता. लिनक्सवर तोच प्रोग्रॅम सहसा सेगमेंटेशन फॉल्टने आडवा होतो. प्रमाण सीने ही कृती कधीच वैध मानलेली नाही. पॉइंटरच्या आधी कॉन्स्ट हा एक शब्द असता तर चूक कंपाइल करतानाच पकडली गेली असती.

राहिला ‘पाथला शंभरचा अ‍ॅरे पुरे’ हा युक्तिवाद. ‘रत्नागिरी’ उच्चारात चार अक्षरं. युनिकोडमध्ये नऊ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे २७, आणि शेवटचं शून्य धरून २८. एवढ्याच लांबीचे चार फोल्डर एकात एक आले की शंभर संपले. स्ट्रकॅट तरीही बिनदिक्कत पुढे लिहीत जातं. सी९९ मधलं एसएनप्रिंटएफ मर्यादा पाळतं आणि शेवटचं शून्य सोडून किती जागा लागली असती तेही सांगतं. तो आकडा अ‍ॅरेइतका किंवा जास्त असेल तर पाथ कापला गेला आहे. तिथेच चूक दाखवून थांबावं.

पुढच्या सबमिशनआधी डेटाचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, त्याला मराठी नाव द्या, आणि प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता चालवून बघा.