मारुतीचं इंजिन आणि फुलसावंगीचा मुन्ना

ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत शेख इस्माईल ऊर्फ मुन्ना हा चोवीस वर्षांचा तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. शिक्षण आठवीपर्यंत, काम पत्र्याचं आणि वेल्डिंगचं, इंजिन मारुती 800 चं. मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि तो मुन्नाच्या डोक्याला लागला. लोक हळहळले. काहींनी नाकंही मुरडली, गाडीच्या इंजिनावर कुणी उडतं का?

उडतं. अमेरिकेत बर्नार्ड पिटनपोल 1930 च्या सुमारास फोर्ड मोटारीच्या इंजिनावर विमान उडवत होता. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनांवर तर कितीतरी घरगुती विमानं उडाली. अडचण इंजिनात कमी, त्याच्याकडून करून घ्यायच्या कामात जास्त आहे. रस्त्यावर गाडी पूर्ण ताकद क्वचितच वापरते. विमानाचं इंजिन तासन् तास पाऊण ताकदीवर चालतं. गाडीचं इंजिन जोर देतं पाच-साडेपाच हजार फेऱ्यांना, पंख्याला त्याच्या निम्म्याच हव्यात. म्हणजे मध्ये पट्टा किंवा गिअर आला, आणि तिथली कंपनं चांगले शाफ्ट मोडतात. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. मारुतीत एकच.

हे सगळं सोडवता येतं, पण कुणाला तरी विचारावं लागतं. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, चोरबाजारात, कुर्ल्याच्या भंगारात सुटे भाग मिळतात. लालबाग-परळच्या गॅरेजांत इंजिन खोलून पुन्हा उभं करणारे मिस्त्री मिळतात. त्यातले बरेच मुन्नासारखेच शाळा सुटलेले, कितीतरी आमच्या मोहल्ल्यांतले. हात सोन्याचा, पण कंपनांचा हिशेब मांडून देणारा ओळखीचा नाही. माटुंग्याचं व्हीजेटीआय तिथून फार लांब नाही, फक्त त्या फाटकातून त्यांना आत कोण घेणार?

अमेरिकेत 1953 पासून हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना आहे. तिचे जाणकार सदस्य फुकट घरी येऊन काम तपासतात. सरकारही गाडीच्या इंजिनाला मनाई करत नाही. प्रमाणित इंजिन-पंख्याला साधारण 25 तासांची चाचणी, इतरांना 40 तासांची. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव स्वतः वैमानिक. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’त ते विमान सगळ्यांनी पाहिलं, तरी नोंदणीसाठी मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं आणि 2017 उजाडलं. फुलसावंगीच्या वेल्डरने कुठे जायचं होतं?

व्हीजेटीआयसारख्या कॉलेजांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांनी आठवड्यातली एक संध्याकाळ अशा मिस्त्रींसाठी उघडी ठेवावी. पदवी विचारू नये, यंत्र बघावं. असा कुणी मुन्नाला भेटला असता, तर त्याने आधी मागचा पंखा हलवून पाहिला असता आणि म्हणाला असता, आत बसू नकोस, जमिनीला बांध आणि लांबून चालव.