गाडी मरत नाही, तिची मापं हरवतात

तारकर्ली-देवबाग पट्ट्यात एखाद्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली येझदी किंवा राजदूत आजही दिसते. मालकाला विचारलंत तर उत्तर ठरलेलं. "इंजिन बरा आसा, पण सामान खंय गावतला?"

या प्रश्नाकडे आपण हौशी लोकांचं दुखणं म्हणून बघतो. माझ्या मते हा सार्वजनिक प्रश्न आहे. आज तो येझदीवाल्याचा आहे, उद्या तुमच्या पंपाचा, होडीच्या इंजिनाचा, पॉवर टिलरचा असणार आहे.

आधी जरा इतिहास. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. नंतर जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये बाजारात परत आली, पण ती नव्या इंजिनाची वेगळी गाडी. तिचे पार्ट जुन्या टू-स्ट्रोकला चालत नाहीत. उलट बुलेट बघा. १९५५ पासून मद्रासला बनायला लागली आणि तिचं जुनं बिडाचं इंजिन थोड्याफार फरकाने ५० वर्षांहून जास्त चाललं. म्हणून जुन्या बुलेटचं सामान आजही सहज मिळतं.

आता गंमत बघा. बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीतसुद्धा एक वस्तू अशी आहे जी कुडाळच्या दुकानातही मिळते, ती म्हणजे बेअरिंग. ६२०४ नंबर सांगा. आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. कुठल्याही कंपनीचं घ्या, कुठल्याही देशातलं घ्या, ते बसतं. ऑइल सीलचंही तसंच. त्यावर २५×४०×७ असं लिहिलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. गाडीची कंपनी बुडाली तरी हे पार्ट जिवंत आहेत, कारण त्यांची मापं सगळ्या जगाला माहीत आहेत.

पिस्टन मात्र अडतो. २५० सीसी जावाचा बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५, एवढं कोणीही सांगेल. पण तेवढ्याने पिस्टन बनत नाही. पिनचा व्यास किती, पिनपासून माथ्यापर्यंत उंची किती, रिंगचं तोंड अडवणारी बारीक खिळी नेमकी कुठे, हे सगळं लागतं. टू-स्ट्रोकमध्ये रिंगचं तोंड पोर्टसमोर आलं तर ते पोर्टात अडकतं, रिंग तुटते आणि सिलेंडरला ओरखडे पडतात. दुसऱ्या गाडीचा पिस्टन "जवळपास तेवढाच आहे" म्हणून टाकणारे इथेच फसतात. जुन्या बुलेटच्या आट्यांचंही तेच. ते इंग्लंडच्या इंची मापाचे. त्यावर मिलिमीटरचा नट पान्याने दामटला तर दोन फेरे बसतो आणि मग आटे कायमचे जातात.

ही मापं सध्या कुठे आहेत? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, बेळगावातल्या लेथवाल्यांच्या डोक्यात. पुण्याच्या नाना पेठेतल्या जुन्या दुकानदारांच्या वहीत. आणि आपल्याकडे होडीचा शाफ्ट सरळ करणाऱ्या, गनमेटलचा बुश काढून देणाऱ्या टर्नरच्या हातात. तुटका बुश समोर ठेवला की व्हर्नियर लावून तो म्हणतो, "सांजेक ये." त्याचा मुलगा मात्र पर्यटकांच्या बोटीवर किंवा मुंबईला. त्याला दोष नाही, पण त्या लेथसोबत माहितीही बंद होणार आहे.

सरकार काय करतं? जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. म्हणजे ती प्रदर्शनात आणि रॅलीत मिरवायची. पन्नाशीच्या आतली जुनी दुचाकी असेल तर नोंदणीचं नूतनीकरण. २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या दुचाकीला १,००० रुपये होते, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या दुचाकीला २,०००. एकीकडे दागिना, दुसरीकडे भंगार. मधली गाडी, म्हणजे रोज मालवणच्या बाजारात जाणारी, तिचा मालक सामान कुठून आणतो याचा विचार कोणत्याच नियमात नाही.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर दमट हवेला तोटा नाही. जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. पाइप, गॅस्केट, कार्बोरेटरमधली सीलं फुगतात नाहीतर कडक होतात. उपाय आहे, विटॉन रबराची रिंग आणि इथेनॉल चालणारा पाइप. पण कुठल्या कार्बोरेटरला कुठल्या मापाची रिंग, हे कुठे लिहिलंय? परत प्रश्न मापाचाच.

काही जण म्हणतील, धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्या हव्यात कशाला? मुद्दा रास्त आहे. पीयूसीत नापास होणारी गाडी रस्त्यावर नको, आणि ब्रेक, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग यांत जुगाड तर अजिबात नको. तिथे योग्य पार्ट मिळेपर्यंत गाडी उभी राहिलेली बरी. पण एक लक्षात घ्या, घासलेला पिस्टन आणि गळकं सील असलेलं इंजिनच जास्त धूर सोडतं. नीट मापाचा पार्ट मिळाला तर तीच गाडी कमी धुरात चालते. आणि जुगाड लोक हौसेने करत नाहीत, बरोबर वस्तू मिळत नाही म्हणून करतात.

दुसरा आक्षेप, कंपनीच्या हक्काचा. पेटंट २० वर्षांचं असतं, डिझाइनची नोंदणी जास्तीत जास्त १५ वर्षांची. १९७५ च्या पिस्टनचं माप घेऊन तसा पिस्टन बनवायला यातलं काहीच आडवं येत नाही. त्यावर मूळ कंपनीचं नाव छापून 'ओरिजिनल' म्हणून विकू नये, एवढंच.

म्हणून मागणी दोन पातळ्यांवर हवी. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण ती सोय आज चालू असलेल्या कंपन्यांच्या माहितीची. त्यात एक कलम हवं: कंपनीने एखाद्या मॉडेलचे पार्ट बनवणं थांबवलं की त्या पार्टचे ड्रॉइंग आणि मापं सर्वांसाठी खुली करायची. आपण बनवणार नसाल तर दुसऱ्याला बनवू द्या, इतकी साधी गोष्ट.

दुसरी मागणी घरची. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. तिथली मुलं ड्रॉइंग शिकताना पुस्तकातल्या आकृत्या काढतात. त्याऐवजी दर वर्षी एका जुन्या इंजिनाचे पार्ट मोजू द्या. पिस्टन, बुश, गिअर, क्लच प्लेट, धातू कोणता, मोकळीक किती, सगळं. शेजारी म्हाताऱ्या टर्नरला मानधन देऊन बसवा. पाच वर्षांत जिल्ह्याची मापांची वही तयार होईल आणि मुलांच्या हाताला असं काम लागेल जे मोसम संपला, समुद्र खवळला तरी बंद पडत नाही.

तोवर आपणही थोडं करू शकतो. पडवीतली गाडी भंगारात देण्याआधी तिचे पार्ट मोजा. बेअरिंगचे नंबर, सीलवरचे आकडे, पिस्टनवरची खूण कागदावर उतरवा, फोटो काढा आणि इथे कमेंटमध्ये टाका. भंगारवाला लोखंडाचे पैसे देतो, मापांचे नाही. ती त्याच्या टेम्पोत कायमची जातात.